डावं-उजवं नसलेला जोड

पंजाबी जुत्तीला डावं-उजवं नसतं. दोन्ही नग एकाच कलबुतावर, म्हणजे एकाच लाकडी पावलावर बेतलेले. कुठलाही कुठल्याही पायात घाला. चननराम उस्तादांनी हे सांगितलं तेव्हा स्मिताला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. ती पडली कोल्हापूरची. चपलांच्या गावात वाढलेल्या बाईला कुणी असलं काही सांगावं आणि तिनं ते मुकाट ऐकून घ्यावं, हे जरा अवघडच होतं.

"मग डावं-उजवं होतं कधी?" तिनं हिंदीत विचारलं.

"पहनने से," उस्ताद म्हणाले. "चार दिन पैर में रही, तो खुद समझ जाती है कि मालिक कौन है. तब तक रोज अदल-बदल के पहनो. जब तक मालिक की नहीं हुई, तब तक किसी की भी हो सकती है."

स्मिता हसली. हसण्यासारखंच होतं ते. उस्ताद तसे बोलबच्चन माणूस. आजोबांनी पटियाल्याच्या महाराजांची जुत्ती शिवली होती, असं ते येईल त्याला ऐकवायचे. महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस मुंबईत राहतो, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि स्मितानं कितीही सांगितलं तरी ती हलली नाही. दुकान चंदीगडला खेटून असलेल्या मुल्लानपूरच्या जुन्या गल्लीत. एका अंगाला म्हशींचा गोठा आणि दुसऱ्या अंगाला अर्धवट उभे राहिलेले उंच टॉवर. क्रेन दिवसभर कुरकुरायची आणि खाली उस्ताद रापीनं चामडं तासत मोबाइलवर कुस्त्या बघायचे.

आता तुम्ही विचाराल, सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी, एम.एस्सी. झालेली ही बाई स्कूटर दामटत मुल्लानपूरला मोचीकाम शिकायला का जात होती? हाच प्रश्न तिच्या जाऊबाईंनी, संपदावहिनींनी, फोनवर विचारला होता. वर "लोक काय म्हणतील" हेही जोडलं होतं. स्मितानं "वेळ जात नाही हो," म्हणून विषय मिटवला. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

कारण होतं देवेंद्रचे पाय.

देवेंद्र, तिचा नवरा, मोजणी खात्यात केंद्र सरकारचा अधिकारी. मूळचा वऱ्हाडातला, पूर्णेच्या काठच्या गावचा. चंदीगडला बदली होऊन आला आणि वर्षभरात सगळे सेक्टर पायी फिरून झाले, इतकी त्याच्या पायाला भिंगरी. पाऊल मोठं, पुढं फताडं, करंगळी बाहेर पळालेली. दुकानातला कुठलाही बूट त्याला चावायचा, म्हणून मग तो मागची बाजू टाचेखाली दाबून बुटाची सपात करून टाकायचा. स्मिता त्यावरून त्याला बोल बोल बोलायची. तो म्हणायचा, "काहून वं, पाय माहाच आहे ना?"

गेल्या वर्षी एका सकाळी आंघोळीहून बाहेर आला आणि छातीला हात लावून खालीच बसला. शेजाऱ्यांनी उचलून गाडीत घातलं, सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, उपयोग झाला नाही. त्या धांदलीत त्याच्या पायात काही घालायचं राहून गेलं. गेला तो अनवाणी गेला.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी तिनं मनाची समजूत घातली असती. तेराव्याला ब्राह्मणाला छत्री आणि जोडे दान द्यायचे असतात, पुढची वाट उन्हाची नि काट्यांची म्हणून. धाकट्या दिरानं, विलासनं, बाजारातून चपला आणल्या. त्या दोन नंबर लहान होत्या. सख्ख्या भावाच्या पायाचं माप माहीत नसावं, याला काय म्हणायचं? गुरुजींनी चपला उचलल्या, पिशवीत घातल्या, आणि स्मिता बघत राहिली. "त्यांना या होणार नाहीत," एवढं बोलायचं होतं. घर माणसांनी भरलेलं, जीभ उचलली नाही.

तेव्हापासून तिला एकच दिसायचं. देवेंद्र चाललाय, बोटं मुडपून, लंगडत, आणि पुढची वाट संपत नाही. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि डोक्यातून जाणं वेगळं. म्हणून तिनं ठरवलं, त्याच्या मापाचा एक जोड आपल्या हातानं शिवायचा आणि वर्षश्राद्धाला दान करायचा. एवढं एक नीट झालं, की मग तिला झोप लागणार होती.

काम सोपं नव्हतं. चामडं भिजवायचं, तासायचं, आट्याच्या खळीनं थरावर थर चिकटवायचे, मेण लावलेल्या दोऱ्यानं तळवा शिवायचा. खिळा एकही नाही. आरी चामड्यात जायची तेवढ्याच सहज तिच्या बोटात जायची. उस्ताद ओरडायचे, शिवण उसवायला लावायचे, आणि मग स्वतःच चहा मागवायचे.

"नाप किसका है?" त्यांनी विचारलं होतं.

"माझ्या मिस्टरांचं." तिनं वीत टेकवून, बोटं मोजून माप दाखवलं. ते तिच्या हातातच होतं. रात्री दमून आल्यावर त्याचे पाय चेपून देण्यात तिची दहा वर्षं गेली होती.

"उसको ले आ. पैर देखे बिना जुत्ती नहीं बनती."

"ते बाहेर आहेत. पोस्टिंगवर."

हे खोटं तिच्या तोंडून कसं निघालं, तिलाही कळलं नाही. मेलेल्या माणसाचं माप म्हटलं तर म्हातारा हाकलून देईल, ही भीती असावी. पण एकदा बोलली आणि मग ते निस्तरता येईना. उस्ताद दर वेळी विचारायचे, आला का, सुट्टी मिळाली का. ती म्हणायची, येतील. खरं सांगायचं तर "येतील" म्हणताना तिला बरं वाटायचं. दुकानात आरी चालवत बसलेली बाई ही विधवा नव्हती. नवऱ्याची वाट बघणारी होती.

जोड कलबुतावरून उतरला त्या दिवशी उस्तादांनी तिला दुकानाची रीत सांगितली. ज्यानं शिवलं त्यानं तळव्यावर थाप मारायची आणि मालकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. त्याशिवाय जोड दुकानाबाहेर जात नाही.

स्मितानं आयुष्यात कधी त्याला नावानं हाक मारली नव्हती. "अहो"वर संसार झाला होता. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल नसेल तेवढंच. तिनं तळव्यावर थाप मारली. "देवेंद्र," ती म्हणाली. दुसऱ्या नगावर मारली, पुन्हा म्हणाली. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं.

गोठ्यातल्या म्हशी एकदम उठून उभ्या राहिल्या. उस्तादांनी तिकडं बघितलं आणि पुन्हा कुस्ती लावली.

उरलेल्या चामड्यात एक लहान जोड बसत होता. तोही तिनं शिवला, इरासाठी. इरा तिची मुलगी, सात वर्षांची, दुसरीत. चंदीगडलाच शाळेत गेलेली, त्यामुळं मराठी सगळं कळायचं आणि उत्तर यायचं हिंदीत. आई नाही, मम्मी. बाबा नाही, पापा. देवेंद्रनं चॉकलेटं कबूल केली, रुसून पाहिलं, पण पोरीच्या तोंडून एकदा "बाबा" निघालं नाही. स्मितानं लहान तळव्यावर थाप मारून तिचंही नाव घेतलं. इरानं जुत्ती एकदा पायात घातली, "चुभती है मम्मी," म्हणाली आणि काढून ठेवली.

दोन्ही जोड दाराजवळच्या रॅकवर गेले. वरचा कप्पा देवेंद्रचा होता, वर्षभर रिकामाच. मोठा जोड तिथं ठेवला आणि तो कप्पा भरलेला बघून स्मिता दारातच उभी राहिली. घरात पुरुषमाणूस आहे, असं दिसत होतं.

वर्षश्राद्ध आलं. गुरुजी आले. तिनं छत्री दिली, दक्षिणा दिली. जोड्यांची वेळ आली तेव्हा म्हणाली, "ते अजून व्हायचेत, मागाहून देते." गुरुजींनी मान हलवली. सगळ्यांदेखत दुसरं खोटं बोलून झालं आणि जोड कप्प्यातच राहिला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकं तेच करायला तिचा हात धजला नाही. माणसाचं असंच असतं.

त्यानंतरच्याच एका सकाळी इराचे शाळेचे बूट काढताना तिची नजर वर गेली.

जुत्त्या सारख्या राहिल्या नव्हत्या. एक डावी झाली होती, एक उजवी. उजवीचा पुढचा भाग करंगळीच्या बाजूनं फुगला होता. दोन्हींची मागची कड टाचेखाली दाबून सपाट झाली होती.

तिनं हात लावला नाही. चामडं वाळताना ओढलं गेलं असेल, असं एकदा मनाशी म्हणून बघितलं. पण चामडं वाळताना टाच दाबत नाही. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडली, आणि खरं सांगू का, ते आनंदाचं रडणं होतं. भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं, आले. बसली पायात. चावली नाही.

त्या दिवसापासून स्मिताचा नूरच बदलला. घरात दोन माणसांचा चहा होऊ लागला. जुत्तीला मोहरीचं तेल लागू लागलं. शेजारच्या हिमानीला वाटलं, बाई सावरली. दुकानात जाणंही कमी झालं. उस्तादांनी फोन करून विचारलं, आला का गं तुझा माणूस? ती म्हणाली, "आले."

पलीकडं उस्ताद खूश झाले. "पैर में ठीक आई?"

"एकदम ठीक."

मग इरा बदलली.

पहिल्यांदा काय झालं, तर स्मिता तिला दूध पी म्हणून मागं लागली होती. इरानं पेला सरकवला आणि म्हणाली, "काहून वं आई? मले नाई पायजे."

स्मिताच्या हातातला चमचा तसाच राहिला. आई म्हणाली होती पोरगी. आणि तेही बापाच्या बोलीत, बापाच्याच हेलात. हा हेल तिला कोण शिकवणार? घरात बोलणारा गेला तेव्हा तिच्या तोंडात मराठीचा एक शब्द नव्हता. स्मितानं तिला कवटाळलं, मुके घेतले, पुन्हा म्हण म्हणाली. देवेंद्रनं आपल्यामागं ठेवलेलं काहीतरी उशिरा उगवलं, असं तिनं मानलं. मानायचंच असलं की माणूस काहीही मानतो.

पण पोर दिवसेंदिवस मलूल पडू लागली. शाळेतून आली की जेवायच्या आधीच झोपायची, आणि झोपून उठल्यावर जास्तच दमलेली असायची. तळवे खरबरीत झाले. एका टाचेला भेग पडली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी असेल, गोळ्या द्या. स्मितानं गोळ्या दिल्या. रॅककडं मात्र बघितलं नाही. बघायचं नव्हतं तिला.

शेवटी एका दुपारी बघावंच लागलं. इरा आत झोपली होती. स्मिता तेलाची वाटी घेऊन दाराशी आली, तर वरचा कप्पा रिकामा होता. खालचाही. मोठा जोड नाही, लहान जोड नाही. दाराला आतून कडी होती.

ती धावत आत गेली. इरा पलंगावरच होती, गाढ झोपलेली. स्मितानं तिच्या पायांना हात लावला आणि चटकन मागं घेतला. बाहेर जूनचं ऊन पेटलेलं, आणि पोरीचे पाय गुडघ्यापासून खाली बर्फासारखे गार. तिनं हलवलं, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. इरा श्वास घेत होती, पण उठत नव्हती. मग बाहेरच्या खोलीत रॅकचा पत्रा वाजला. हलकासा, कुणी वहाणा जागेवर ठेवाव्यात तसा.

इरानं डोळे उघडले.

स्मिता बाहेर आली. दोन्ही जोड जागेवर होते. लहान जोडही डावा-उजवा झाला होता. डावा नग बाहेरच्या अंगाला कलंडलेला, मोठ्या माणसाचं बोट धरून ओढीनं चालणाऱ्या पोराचा होतो तसा. तिनं आत हात घातला. आतून गरम होता. तळव्याला माती लागली होती, ओली आणि काळी. चंदीगडची माती भुरकट असते. ही चिकट, काळीभोर माती तिनं एकाच ठिकाणी बघितली होती, लग्नानंतर सासरच्या शेतात.

"कुठं गेली होतीस?" तिनं इराला विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"बाबासंगं," इरा म्हणाली. "नदीपावतर. पाणी लय होतं. बाबा म्हणे, आज दमली तू. उद्या पल्याड जाऊ."

वर्षभर स्मिताला वाटत होतं, तो लंगडतोय म्हणून पोचत नाही. आता जोडे नीट बसले होते, तर पुढं जायचं सोडून तो घरी आला होता. का येणार नाही? तिनंच नाव घेऊन बोलावलं होतं. येतील, येतील म्हणून उस्तादांना सांगितलं होतं. आणि घरी आला तर रिकाम्या हातानं परत कसा जाईल? पोरीवर जीव होता त्याचा. त्यात त्याचा तरी काय दोष?

तिनं उद्याची वाट बघितली नाही. दोन्ही जोड पिशवीत, इरा स्कूटरवर पुढं उभी, आणि भर उन्हात मुल्लानपूर. वाटेत इराचे डोळे मिटायला लागले की स्मिता ओरडायची, "झोपू नकोस, गाणं म्हण, पाढे म्हण." इरा पाढे म्हणत होती. बे एके बे, मराठीतून.

उस्तादांना तिनं सगळं सांगितलं. नवरा गेलाय, पोस्टिंग खोटं, दान केलं नाही तेही. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा काळा पडत गेला.

"मेरी दुकान में बैठ के मुर्दे का नाम लिया तूने," ते म्हणाले. "मैंने ही बोला ले, जोर से ले." आणि मग पंजाबीत खूप काही बोलले. त्यातलं निम्मं शिव्यांत होतं आणि त्या तिला लागूच होत्या. एवढी बढाई मारणारा माणूस, पण पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लहान जुत्ती उचलली, रापी घेतली आणि तळव्याचा टाका कापला.

स्टुलावर बसलेल्या इरानं पाय आखडून घेतला. "दुखते ना वं," ती कळवळली. तिच्या तळव्यावर, बरोब्बर टाक्याच्या जागी, रक्ताचा एक थेंब आला होता.

उस्तादांनी रापी खाली ठेवली. इराची मान डुलायला लागली होती आणि स्मिता तिला गदागदा हलवत होती.

हलवता हलवता तिला तेराव्याचे गुरुजी आठवले. चपला उचलून पिशवीत घालणारे त्यांचे हात. लहान होत्या, चुकीच्या होत्या, पण घराबाहेर गेल्या होत्या. दिलेला जोडा पुढं चालतो. ठेवलेला जोडा परत येतो. एवढी साधी गोष्ट, आणि तिनं प्रेमापायी उलटी करून ठेवली होती. मोठा जोड द्यायला हवा होता, जिवंत माणसाच्या पायात, आणि तेही खरं सांगून. खोटं बोलून दिलेलं दान कुठलं पोचायला?

पण हे सगळं ऐकून कोण घालणार होतं तो पायात?

तिनं उस्तादांच्या पायांकडं बघितलं. प्लास्टिकच्या निळ्या स्लिपर, एकीचा पट्टा तारेनं बांधलेला. पाऊल मोठं, पुढं फताडं.

"उस्तादजी," ती म्हणाली, आणि मोठा जोड त्यांच्या पायांपुढं ठेवला.

म्हाताऱ्याला कळलं. त्यांनी जोडाच्या दबलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "सारी उमर लोगों के पैर में डाली," ते शेवटी म्हणाले. "मेरे पैर में आज तक किसी ने नहीं डाली." मग स्लिपर काढून त्यांनी पाय पुढं केले. "डाल. और जो बोलना है, बोल."

तिला मंत्र येत नव्हते. घंगाळातलं चामडं भिजवायचं पाणी तिनं ओंजळीत घेतलं आणि त्यांच्या पावलांवर सोडलं. "अहो," ती म्हणाली. नाव घेतलं नाही. "हे तुमचे जोडे. मी यांना दिले. आता घरी तुमचं काही राहिलं नाही. इरा माझ्यापाशी राहू दे. तुम्ही जा." शेवटचा शब्द म्हणताना ती इतकी रडली, की गोठ्यातली बाई दाराशी येऊन उभी राहिली.

उस्ताद उठले. गुडघे धरून चालणारा माणूस, पण त्यानं दारातून लांब ढांगा टाकल्या. मागची कड टाचेखाली दाबलेली, उजवा पाय किंचित बाहेर फेकलेला. स्मितानं ती चाल ओळखली. दहा वर्षं खिडकीतून ती चाल येताना बघितली होती, आता पाठमोरी बघत होती. गल्लीच्या टोकाला ते थांबले. वळून न बघता उजवा हात खांद्याच्या वर उचलला, ऑफिसला जाताना देवेंद्र उचलायचा तसा. मग टॉवरच्या मागं, शेतांच्या दिशेनं दिसेनासे झाले.

ती इराला मांडीवर घेऊन दुकानात बसून राहिली. पाढे संपले, कविता संपल्या, पोर झोपलीच. स्मिता तिचे पाय हातात धरून बसली. ते गार होत गेले, मग पिंडऱ्या गार झाल्या. तिनं ते पोटाशी धरले, पदरात गुंडाळले. ऊन उतरायला लागलं, क्रेन थांबली. आणि मग, अगदी सावकाश, पोरीच्या पायांत ऊब आली.

उस्ताद परतले ते अनवाणी. गुडघे धरत, नेहमीसारखे. पिंडऱ्यांपर्यंत काळा चिखल होता आणि तो अजून ओला होता. मुल्लानपूरच्या आसपासचे ओढे म्हणजे नुसती वाळू, जूनमध्ये तर पाण्याचा टिपूसही नाही.

"जुत्त्या?" तिनं विचारलं.

"ले गया," एवढंच ते म्हणाले. हातपंपावर जाऊन पाय धुतले. कितीतरी वेळ धूत राहिले. आल्यावर त्यांनी लहान जोडाचा कापलेला टाका पुन्हा घातला, इराकडं बघत बघत, तिला दुखत नाही याची खात्री करत. मग जोड स्मिताच्या हातात दिला.

"यह इसकी है. अभी पहना. उल्टी पहना, जो चाल सीख के आई है, भूल जाएगी."

स्मितानं इराला स्टुलावर बसवलं. डाव्या पायाचा नग उजव्या पायात सरकवला, उजव्याचा डाव्यात. चामडं अडत होतं, बाहेरच्या अंगाला कलत होतं, अजूनही कुणाचं तरी बोट धरल्यासारखं. तिनं दाबून दाबून ते बसवलं. इरा झोपेतून पुरती जागी झाली, खाली उतरली, दोन पावलं चालली आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"मम्मी," ती म्हणाली, "चुभ रही है."

स्मितानं पुन्हा विचारलं, काय म्हणालीस?

"चुभ रही है मम्मी. निकालो ना."

स्मितानं तिला छातीशी धरलं. पोर घरी आली होती. देवेंद्रचा आवाज मात्र आता घरात कुणाच्याच तोंडून येणार नव्हता.

"चुभू दे," ती म्हणाली. "चाल."